एका आंब्यातल्या अळीचे दोन अहवाल

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका पॅकहाउसवर दर्जा तपासणी पाहणाऱ्या ताईंना हापूसच्या एका लॉटमध्ये, कापून पाहिलेल्या फळात अळ्या सापडल्या. त्यांनी त्या दोन ट्यूबमध्ये घालून दोन वेगळ्या प्रयोगशाळांना डीएनए तपासणीसाठी पाठवल्या. पहिल्या अहवालात ‘बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, जुळणी ९९.५४ टक्के’ असे आले. दुसऱ्यात ‘बॅक्ट्रोसेरा कॅरॅम्बोले, जुळणी ९९.७० टक्के’. दुसरा आकडा मोठा, म्हणून तोच खरा धरायचा का? कोकणात नवी फळमाशी शिरली असे समजायचे का? आणि मुळात इतक्या जवळच्या किडी डीएनएने वेगळ्या ओळखता येतात का?

ताई, आधी उत्तरे सांगतो, कारणे मागाहून. आकडा मोठा म्हणून दुसरा अहवाल खरा ठरत नाही. या अहवालाच्या भरवशावर ‘कोकणात नवी माशी’ असे कुणालाही कळवू नका. आणि तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर नाही. कोणत्या दोन किडी, कोणते जनुक आणि ताडून पाहायला समोर काय ठेवले आहे, यावर ते ठरते. गेली वीस-बावीस वर्षे मी किडींचे डीएनए वाचतो आहे. सुरुवातीला मलाही वाटायचे की मशीनमधून अक्षरे बाहेर पडली की नाव आपोआप कळते. तसे होत नाही.

दोन्ही प्रयोगशाळांनी केले एकच काम. अळीच्या मायटोकाँड्रियातल्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या आणि स्वतःचा डीएनए असणाऱ्या कणांतल्या, सीओआय या जनुकाचा सुरुवातीचा ६५८ डीएनए-अक्षरांचा तुकडा वाढवला, म्हणजे त्याच्या भरपूर प्रती काढल्या, आणि वाचला. प्राण्यांच्या प्रजाती ओळखायला हा एवढा तुकडा दुकानातल्या मालावरच्या बारकोडसारखा वापरता येईल, ही कल्पना कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडली आणि ती जगभर रुजली. तुकडा निवडण्यात शहाणपण आहे. एका पेशीत मायटोकाँड्रियाच्या शेकडो प्रती असतात, त्यामुळे माशीचा एक पाय किंवा अर्धवट सडलेली अळीही पुरते. बहुतेक कीटकांत एका प्रजातीच्या दोन माश्यांमध्ये या तुकड्यात अगदी थोडा फरक असतो आणि दोन प्रजातींमध्ये त्याहून बराच जास्त. या दोन फरकांच्या मधली मोकळी जागा, तिच्यावरच सगळा बारकोडचा डोलारा उभा आहे. ती जागा जिथे नाही तिथे बारकोड चालत नाही, आणि तुमची माशी नेमकी तिथली आहे.

आता तुमचे आकडे कागदावर मांडू. ६५८ अक्षरांत ९९.५४ टक्के जुळणी म्हणजे ३ अक्षरे वेगळी. ९९.७० टक्के म्हणजे २ अक्षरे वेगळी. दोन अहवालांत जे भांडण दिसते आहे ते एका अक्षराचे आहे. शिवाय अळ्या एकाच फळातल्या असल्या तरी एकाच आईच्या असतील असे नाही. एका फळात दोन-तीन माद्या अंडी घालून जातात. तेवढ्यानेही एखाद-दुसरे अक्षर इकडचे तिकडे होते.

मग नावे वेगळी का आली? वाचलेली अक्षरे जीनबँकेसारख्या डीएनए नोंदींच्या सार्वजनिक साठ्यात टाकली की सगळ्यात जास्त जुळणाऱ्या नोंदींची यादी समोर येते. बरेच जण यादीतली पहिली ओळ उचलून अहवालात लिहितात. त्याच यादीत खाली वीस नोंदी ‘डॉर्सॅलिस’ म्हणत असतात आणि त्यांची जुळणीही तेवढीच किंवा एका अक्षराने कमी असते, हे अहवालात येत नाही. दुसरे म्हणजे नोंदीवरचे नाव ज्याने ती भरली त्याने दिलेले असते. माशी कुणी पाहिली, कोणत्या खुणांवरून ओळखली, ती आज कुठल्या संग्रहात टाचलेली आहे, याचा पत्ता अनेक नोंदींना नसतो. पोलिसांच्या ओळख परेडसारखे आहे हे: साक्षीदार रांगेत उभ्या असलेल्यांपैकीच कुणाकडे तरी बोट दाखवणार. रांगेत कोण उभे केले आणि त्यांच्या छातीवर नावाच्या पाट्या बरोबर लावल्या का, ते आधी पाहायला हवे.

डॉर्सॅलिसच्या बाबतीत या पाट्यांचा घोळ मोठा आहे. तो समजल्याशिवाय तुमचा दुसरा अहवाल समजणार नाही, म्हणून थोडा वेळ तिथे थांबतो.

बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस हे नाव १९१२ पासूनचे. आंबा, पेरू, केळी, पपई, चिकू, मिळेल त्या फळात अंडी घालणारी ही आपली नेहमीची फळमाशी. १९९४ मध्ये ड्रू आणि हॅनकॉक या दोघांनी आशियातल्या डॉर्सॅलिससारख्या दिसणाऱ्या माश्यांची मोठी छाननी केली आणि त्या गोतावळ्यात कितीतरी नव्या प्रजाती घातल्या. पपाये, फिलिपिनेन्सिस आणि कॅरॅम्बोले ही नावे तेव्हाची. फरक कसले, तर नराच्या जननेंद्रियाची आणि मादीच्या अंडी घालण्याच्या नळीची लांबी, पंखाच्या कडेच्या पट्ट्याची रुंदी, पोटावरच्या काळ्या खुणांचा आकार. पुढे २००३ मध्ये केनियात आंब्यावर एक फळमाशी सापडली आणि बघता बघता आफ्रिकाभर पसरली. २००५ मध्ये तिलाही वेगळे नाव मिळाले: इनव्हाडेन्स, म्हणजे आक्रमण करणारी.

नाव वेगळे म्हटले की कायदा वेगळा. एखाद्या देशाच्या यादीत पपाये असते, डॉर्सॅलिस नसते. दुसऱ्याच्या यादीत उलटे. आफ्रिकेतल्या आंब्यावर इनव्हाडेन्सच्या नावाने बंधने आली. बरे, वंध्य नर सोडून माशी आटोक्यात आणायची तर सोडलेला नर आणि रानातली मादी एकाच प्रजातीचे हवेत, नाहीतर सगळा खर्च वाया. म्हणून अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांनी मिळून २०१० पासून या गोतावळ्यावर अनेक देशांत काम करवून घेतले. नुसता डीएनए वाचून ते थांबले नाहीत. शरीराची मोजमापे झाली, गंधद्रव्ये तपासली, पिंजऱ्यात नर-मादी एकत्र सोडून त्यांचे जुळते का आणि पिल्ले सुपीक निघतात का तेही पाहिले. लांबी-रुंदीचे जे फरक वेगळ्या प्रजातींची खूण मानले होते ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग निघाले, मध्ये कुठे फट सापडेना. फिलिपिनेन्सिस त्याआधीच पपायेमध्ये विलीन झाली होती. २०१५ मध्ये पपाये आणि इनव्हाडेन्स दोन्ही डॉर्सॅलिसमध्ये मिळवली गेली. चार नावांची एक माशी.

मला हे प्रकरण आवडते ते एवढ्यासाठी की डीएनए म्हणजे फक्त वेगळे काढायचे हत्यार अशी लोकांची समजूत असते. इथे त्याने जोडायला मदत केली.

कॅरॅम्बोले मात्र त्या विलीनीकरणात आली नाही. ती वेगळी राहिली, कारण इतर पुरावे तिच्या वेगळेपणाच्या बाजूने होते. मिथिल युजेनॉल, म्हणजे या माश्यांच्या नरांना ओढून घेणारे वासाचे द्रव्य, खाल्ल्यावर नर त्यातून जी गंधद्रव्ये बनवतात तीसुद्धा या दोघींत सारखी नाहीत. पण सीओआयच्या तुकड्यात डॉर्सॅलिस आणि कॅरॅम्बोले यांची अक्षरे एकमेकींत मिसळलेली आहेत. दोन्ही प्रजाती तुलनेने अलीकडे वेगळ्या झालेल्या, एकत्र ठेवल्या तर त्यांचा संकरही होतो. त्यामुळे सीओआय वाचून ‘डॉर्सॅलिसच्या गोतावळ्यातली माशी’ एवढे छातीठोकपणे सांगता येते. त्यापुढे जाऊन ‘कॅरॅम्बोले’ म्हणणे या एका जनुकाच्या आवाक्यातले नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेने अक्षरे बहुधा नीट वाचली आहेत. नाव देताना मात्र हातातल्या पुराव्याच्या पलीकडे उडी मारली आहे. खरे तर पहिल्या अहवालानेही थोडी उडी मारलीच. फक्त ती जिथे पडली तिथे जमीन होती, कारण कोकणातल्या आंब्यात डॉर्सॅलिस असणे ही रोजचीच गोष्ट आहे.

या दोघींना वेगळे करायचेच असेल तर पेशीच्या केंद्रकातल्या, म्हणजे आई-बाप दोघांकडून येणाऱ्या, डीएनएकडे जावे लागते. आयटीएस-१ नावाचा भाग त्यासाठी उपयोगी पडतो. पण एका भागावर न थांबता दोन-तीन जनुके वाचावीत आणि सोबत प्रौढ माशी भिंगाखाली पाहावी. कारण मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतो. आई डॉर्सॅलिस आणि बाप कॅरॅम्बोले असेल तर सीओआय आईचेच सांगणार. बापाचा त्यात मागमूसही नसतो. ब्राझीलमध्ये आपल्या घाटे अळीची, हेलिकोव्हर्पा आर्मिजेराची, २०१३ मध्ये नोंद झाली. तिथली मूळची बहीण हेलिकोव्हर्पा झिया. दोघींचे पतंग डोळ्यांनी ओळखणे अवघड, म्हणून सीओआयवर भर राहिला. पुढे केंद्रकातला डीएनए मोठ्या प्रमाणावर वाचला तेव्हा दोघींचे संकर सापडले. मायटोकाँड्रियाने ते सांगितले नसते.

आता दुसऱ्या प्रयोगशाळेला फोन करून काय विचारायचे ते सांगतो. भांडू नका, विचारा.

कच्ची फाईल मागा, ज्यात प्रत्येक अक्षराचे रंगीत शिखर दिसते ती. एका जागी दोन शिखरे एकमेकांवर चढलेली असतील तर तिथले अक्षर संशयास्पद, आणि तुमचे भांडण तर एका अक्षराचे आहे. तुकडा दोन्ही बाजूंनी वाचला की एकाच, तेही विचारा. एका बाजूने वाचलेल्या तुकड्याच्या टोकाकडची अक्षरे घसरतात, आणि ती कापून न टाकता तशीच जुळणीला लावलेली मी पुष्कळदा पाहिली आहेत. मग विचारा, की वाचलेल्या अक्षरांचे प्रथिनात भाषांतर करून पाहिले का. मायटोकाँड्रियातल्या जनुकांची जुनी, निकामी झालेली नक्कल कधी कधी केंद्रकात जाऊन बसलेली असते आणि प्रायमर, म्हणजे वाचायचा तुकडा शोधून देणारा डीएनएचा छोटा धागा, तिलाच पकडतो. ती निकामी असल्याने मध्येच ‘थांबा’ असा संकेत येतो, त्यावरून ती सापडते. इथे एक गंमत आहे. हे भाषांतर कीटकांच्या मायटोकाँड्रियाच्या संकेतसूचीने करायचे असते. तिच्यात टीजीए या तीन अक्षरांचा अर्थ ट्रिप्टोफॅन हा प्रथिनाचा एक घटक, तर नेहमीच्या सूचीत टीजीए म्हणजे थांबा. चुकीची सूची लावली की चांगला सिक्वेन्स, म्हणजे वाचलेली अक्षरमाला, खराब दिसतो. एम.एस्सी.ची मुले दरवर्षी धास्तावून याच कारणासाठी येतात.

शेवटचे विचारा ते निगेटिव्ह कंट्रोलबद्दल, म्हणजे अळीचा डीएनए न घालता चालवलेली ट्यूब. ती जेलवर, म्हणजे डीएनए असेल तर पट्टा उमटतो त्या थरावर, कोरी राहिली का? हे विचारायला संकोच वाटेल, तरी विचारा. यात मी स्वतः तोंडावर पडलो आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका आठवड्यात माझ्याकडच्या सगळ्या अळ्या डॉर्सॅलिस निघाल्या. आंब्यातल्या निघाल्या, पेरूतल्या निघाल्या, आणि कारल्यातल्याही एकजात तशाच. कारल्यात आपल्याकडे नेहमी सापडते ती वेलवर्गीय भाज्यांवरची माशी, झ्युगोडॅकस कुकुर्बिटी, जिला पूर्वी बॅक्ट्रोसेराच म्हणत. एखादी अळी वेगळी निघाली असती तर मी सोडून दिले असते, पण सगळ्याच? जुन्या जेलचे फोटो काढून पाहिले, तर निगेटिव्ह कंट्रोलच्या रांगेत अगदी पुसट पट्टा होता. तो मी ‘काही नाही’ म्हणून सोडला होता. पाण्याच्या बाटलीत डॉर्सॅलिसचा डीएनए गेला होता आणि आठवडाभर मी तीच एक माशी पुन्हा पुन्हा वाचत होतो. सगळी रसायने फेकली, पुन्हा सुरुवात केली. तेव्हापासून पीक कोणते, फळ कोणते, गाव कोणते हे कळल्याशिवाय मी निकाल लिहीत नाही.

अळीच्या पोटातही घोळ असू शकतो. फळमाशीच्या अंड्यांत आणि अळ्यांत परोपजीवी गांधीलमाश्या अंडी घालतात. अळीच्या आत वाढणारे ते पिल्लू सीओआयच्या सर्वसाधारण प्रायमरला तितकेच गोड लागते. वोल्बाकिया नावाचा जीवाणूही बऱ्याच कीटकांच्या पेशींत राहतो आणि कधी त्याचेच जनुक वाचले जाते. असे निकाल साफ वेगळे दिसतात, त्यामुळे पकडता येतात. तुमच्या अहवालात तसे काही झालेले दिसत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. तुम्हाला डीएनएची गरज किती होती?

आपल्याकडे आंब्यात प्रामुख्याने तीन फळमाश्या भेटतात: डॉर्सॅलिस, झोनाटा आणि करेक्टा. दक्षिण भारतात कॅरिये नावाची चौथी, डॉर्सॅलिसच्याच गोतावळ्यातली, जोडीला असते. प्रौढ माशी हातात असेल तर दहापट भिंगाने पहिल्या तिघी वेगळ्या करता येतात. डॉर्सॅलिसच्या पंखाच्या वरच्या कडेने टोकापर्यंत सलग गडद पट्टी जाते. झोनाटा तांबूस, तिच्या पंखाच्या टोकाला नुसता ठिपका. करेक्टालाही टोकाला ठिपकाच, पण छाती काळी आणि चेहऱ्यावर आडवी काळी खूण. कृषी पदविकेचा मुलगा एका दुपारी हे शिकतो. मिथिल युजेनॉलच्या सापळ्यात, मग तो दापोलीच्या विद्यापीठाचा रक्षक सापळा असो की साधी पाण्याची बाटली, या माश्यांचे नर येऊन पडतात. बागेत कोण आहे हे कळायला सापळा रिकामा करून भिंग लावणे हे कोणत्याही सिक्वेन्सिंगपेक्षा स्वस्त आणि लवकर होणारे काम आहे. हे मी डीएनएवर पोट भरणारा माणूस सांगतो आहे.

अळीचे मात्र तसे नाही. अळ्या एकमेकींसारख्या, तोंडातल्या आकड्यांवरून आणि शेपटाकडच्या श्वसनछिद्रांवरून ओळखणारे लोक आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि अळी पूर्ण वाढलेली लागते. दुसरा रस्ता म्हणजे ओलसर वाळूत अळ्या ठेवून माश्या बाहेर पडेपर्यंत थांबणे. त्याला दोन-तीन आठवडे लागतात आणि तोवर पेट्या थांबत नाहीत. डीएनएची खरी जागा ही: अळी, अंडे, तुटका पंख, चेंगरलेली माशी. आणि इथे सीओआय फार चांगले काम करते, कारण डॉर्सॅलिस, झोनाटा, करेक्टा आणि कुकुर्बिटी या एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या पडतात. कधी कधी तर अळी फळमाशीची नसतेच. फळ देठाशी आधीच कुजलेले असते आणि त्यात सडक्यावर जगणाऱ्या, चिलटांसारख्या माश्यांच्या अळ्या असतात. ते कळले तर एक अख्खा लॉट वाचू शकतो.

पण डॉर्सॅलिस की कॅरॅम्बोले हे कळून तुमच्या पॅकहाउसवर काय बदलणार? युरोपसाठी ४८ अंशांच्या गरम पाण्यात ६० मिनिटे, जपानसाठी ४७.५ अंशांच्या बाष्प उष्णतेत २० मिनिटे, अमेरिकेसाठी ४०० ग्रे (ग्रे हे विकिरणाच्या मात्रेचे माप) विकिरण. आतली माशी कोणती, यावरून पाणी कमी-जास्त तापवत नाहीत. विकिरणाची मात्रा तर मुद्दाम अशी ठरवली आहे की प्रजाती विचारायची वेळच येऊ नये: फळमाश्यांच्या अख्ख्या कुळाला १५० ग्रे पुरेसे धरतात, आणि ४०० ग्रेमध्ये पतंगवर्गाचे कोष व प्रौढ सोडून बाकी सगळे कीटक धरलेले आहेत. त्यात कोयीतला भुंगाही येतो. २००७ मध्ये लासलगावहून अमेरिकेला आंबा जाऊ लागला तो याच मात्रेवर. २०१३ मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या २०७ खेपांत फळमाश्या व इतर किडी सापडल्या आणि १ मे २०१४ पासून तिथे आपला आंबा बंद झाला, हे तुमच्या पॅकहाउसवर कुणी विसरले नसेल. ती बंदी पुढच्या हंगामाआधी उठली. उठली ती तपासणी आणि प्रक्रिया सुधारल्यावर. प्रजातीच्या नावाचा कीस काढून ती उठली नसती. फळात जिवंत अळी सापडली की लॉट गेला, तिचे नाव काहीही असो.

नाव कुठे जीव की प्राण असते, तेही सांगतो, नाहीतर वाटेल हा माणूस स्वतःच्याच धंद्याला नावे ठेवतो आहे.

पांढरी माशी घ्या. बेमिसिया टॅबॅसी हे आपण एक नाव म्हणतो, पण त्याखाली दिसायला एकसारख्या अशा तीस-चाळीस प्रजाती दडलेल्या आहेत असे आता मानतात. भिंगच काय, सूक्ष्मदर्शकही त्यांच्यापुढे हात टेकतो. १९९९ मध्ये कर्नाटकात कोलारच्या टोमॅटोवर परदेशातून आलेली जी पांढरी माशी सापडली ती डीएनएनेच ओळखली. कोणती माशी कोणता विषाणू किती जोमाने पसरवते, कोणत्या कीटकनाशकाला दाद देत नाही, हे प्रजातीप्रमाणे बदलते. इथे सीओआयमध्ये ३.५ टक्के फरक ही सीमारेषा वापरतात, म्हणजे साधारण २३ अक्षरे. तुमच्या एका अक्षराशेजारी ही २३ अक्षरे ठेवून पाहा. फक्त एक खोच आहे. पांढऱ्या माशीसाठी जो ६५७ अक्षरांचा तुकडा वापरतात तो सीओआय जनुकाच्या शेवटाकडचा, आणि बारकोडचा ६५८ अक्षरांचा तुकडा सुरुवातीचा. नाव तेच, लांबी जवळपास तीच, जागा मात्र वेगळी. एकाचा सिक्वेन्स दुसऱ्याशी जुळवायला बसलेले लोक मी पाहिले आहेत आणि जुळत नाही म्हणून ‘नवी प्रजाती’ जाहीर करायच्या बेतात आलेलेही.

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये आधी कर्नाटकात शिवमोग्ग्याकडे आणि त्याच वर्षी आपल्याकडे सोलापूर भागात उसावरही सापडली. मोठी अळी असेल तर डोक्यावरचा उलटा ‘वाय’ आणि शेवटाकडचे चौकोनातले चार ठिपके पुरेत. पोंग्यातली दोन दिवसांची अळी असेल तर ती तंबाखूवरच्या स्पोडोप्टेराची की हिची, हे सीओआय तासन्‌तासाच्या वादाशिवाय सांगते. पण या अळीत ‘भात वाण’ आणि ‘मका वाण’ असे दोन गट मानतात, आणि आपल्याकडच्या अळ्या सीओआयवरून भात वाणाच्या दिसतात, तर टीपीआय या केंद्रकातल्या जनुकावरून मका वाणाच्या. दोन जनुके दोन गोष्टी सांगतात. प्रजातीसाठी एक जनुक पुरले, गटासाठी नाही पुरले.

आणि पपईवरचा पिठ्या ढेकूण. २००८ मध्ये कोइमतूरला दिसला, दोन वर्षांत महाराष्ट्रातही आला. त्याची ओळख मुख्यतः काचपट्टीवर, जुन्या पद्धतीने पटली. पॅराकोकस मार्जिनेटस हे नाव कळले म्हणूनच त्याचा मूळ शत्रू कुठे शोधायचा ते कळले, आणि २०१० मध्ये पोर्टो रिकोहून परोपजीवी गांधीलमाश्या आणून सोडता आल्या. चुकीचे नाव पडले असते तर चुकीच्या देशातून चुकीची गांधीलमाशी आणली असती.

तुम्ही जाता जाता ‘पॅकहाउसवरच चालेल असे किट’ विचारले आहे. लॅम्प नावाची पद्धत त्या अंगाने जाते: साधारण ६०-६५ अंशांवर एकच तापमान धरून ठेवायचे, तासाभरात निकाल. झ्युरिकच्या विमानतळावर फळमाश्या, पांढरी माशी आणि एका फुलकिड्यासाठी ती वापरून पाहिली आहे आणि चांगली चालली. पण असे किट फक्त ‘ही अमुक आहे का’ एवढेच विचारते. ‘नाही’ आले तर कोण आहे ते सांगत नाही. विकत घ्यायच्या आधी एकच गोष्ट तपासा: ते किट झोनाटा, करेक्टा आणि कॅरिये यांच्यावर चालवून पाहिले आहे का? तैवान किंवा थायलंडच्या माश्यांवर बेतलेले किट आपल्या बागेत आल्यावर आपल्या माश्यांच्या परीक्षेत उतरलेले असायला हवे.

उद्या काय करायचे ते आता सांगतो. दोन्ही प्रयोगशाळांकडून कच्च्या फाईल आणि उरलेला डीएनए मागून घ्या. खरेदीदाराला कळवायची वेळ आली तर ‘बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस गोतावळा, सीओआयवरून’ एवढेच लिहा. ते खरे आहे आणि पुरेसे आहे. दुसरी प्रयोगशाळा कॅरॅम्बोलेवर ठाम राहिली तर आयटीएस-१ करायला सांगा आणि त्याच लॉटच्या बागेतल्या सापळ्यातले नर एखाद्या फळमाश्यांच्या वर्गीकरणतज्ज्ञाला दाखवा. तोवर क्वारंटाईनची घंटा वाजवू नका. एकदा नवी कीड म्हणून नाव कागदावर चढले की ते खोडायला वर्षे जातात. इनव्हाडेन्सला दहा वर्षे लागली.

यापुढे अळ्या सापडल्या तर निम्म्या वाळूत वाढवा. बाकीच्या गरम पाण्यात मिनिट-दोन मिनिटे बुडवून मारा, म्हणजे काळ्या पडत नाहीत, आणि मग ९५ टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये टाका. फॉर्मालिन अजिबात नको, त्यातला डीएनए वाचण्याजोगा राहत नाही. रंगीत स्पिरिटही नको. अळीत पाणी खूप असते, म्हणून दुसऱ्या दिवशी अल्कोहोल ओतून नवे भरा आणि ट्यूब फ्रिजमध्ये ठेवा. कुरियरवाले अल्कोहोल घ्यायला कुरकुर करतात; पाठवताना ते काढून त्यात भिजवलेला कापसाचा बोळा ठेवला तर एक-दोन दिवस निभते. प्रयोगशाळेला सांगा की डीएनएसाठी अळीचा मधला तुकडा घ्या, डोके आणि शेपूट तसेच राखा. नावावरून वाद झाला तर तेवढेच परत पाहायला उरते. ट्यूबमध्ये चिठ्ठी आतच टाका: गाव, बाग, फळ, तारीख, कुणी काढली. आणि ती पेन्सिलने लिहा, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये रात्रीतून विरघळते.